फ्रेटबोर्डाचे तेल आणि कोकणची हवा

गिटारच्या फ्रेटबोर्डाला, म्हणजे मानेवर ज्या लाकडी पट्टीवर बोटांनी तारा दाबतात तिला, वर्षातून एकदोनदा तेल द्यावे, हा सल्ला आता वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेक वादकांच्या कानावर आलेला असतो. कोकणातल्या माणसाला तो पटतोही लवकर, कारण लाकूड म्हटले की तेल, ही सांगड या किनाऱ्यावर जुनी आहे. होडीच्या फळ्यांना माशाचे तेल चोळत, आणि क्रिकेटच्या नव्या बॅटला जवसाचे तेल पाजल्याशिवाय ती कोणी मैदानात नेत नसे. परंतु गिटारच्या तेलाचा सल्ला ज्या हवेत रुजला ती हवा कोकणापेक्षा फार वेगळी आहे, आणि तो इथे जसाच्या तसा का लागू पडत नाही हे समजण्यासाठी या वाद्याची घडण कशी बदलत गेली ते पाहावे लागते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर जी ‘व्हिओला’ दूरदूरच्या वसाहतींत पोहोचली, ती आजच्या गिटारची जवळची नातलग होती. अशा वाद्यांचे फ्रेट, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणारे मानेवरचे आडवे पडदे, मानेभोवती बांधलेल्या आतड्याच्या ताती असत. सतारीचे पडदे जसे बांधलेले असतात आणि सरकवता येतात, तसाच हा प्रकार होता. तात झिजली की ती सोडून नवी बांधायची आणि तेवढ्यात खालचे लाकूड पुसून घ्यायचे. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धातूचे, लाकडात कायमचे ठोकलेले फ्रेट रूढ होत गेले, आणि मानेवर कठीण लाकडाची वेगळी पट्टी चिकटवून ती पोटाच्या पातळीच्या वर आणण्याची पद्धत स्थिरावली. बोटांचा घाम, त्वचेचे तेल आणि तारांचा गंज यांच्या मिश्रणाला फ्रेट आणि लाकूड यांच्यामधला कोपरा मिळाला तो या बदलामुळे. आज ज्याला आपण फ्रेटबोर्डाची सफाई म्हणतो, ती बव्हंशी या कोपऱ्याची सफाई असते.

या पट्टीसाठी प्रामुख्याने दोन लाकडे निवडली गेली. एक आबनूस, जो आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला आहे, आणि दुसरे शिसव. दोन्ही घट्ट व कठीण आहेत, दोन्हींचा रंग गडद असल्याने त्यांच्यावर मळ दिसत नाही, आणि म्हणूनच ती लाकडे रोगण न देता उघडी ठेवता येतात. मॅपलचे तसे नाही. ते फिकट लाकूड उघडे ठेवले तर बोटांनी काळे पडते, म्हणून त्यावर लॅकरचा, म्हणजे कडक वाळणाऱ्या रोगणाचा, थर द्यावा लागतो. फेंडर कंपनीच्या १९५० पासूनच्या पहिल्या विजेच्या गिटारींची मान आणि फ्रेटबोर्ड मॅपलच्या एकाच तुकड्यातले असत. त्याच कंपनीच्या १९५८ च्या जॅझमास्टर या नमुन्याला शिसवाच्या जातीच्या लाकडाची पट्टी आली आणि १९५९ मध्ये ती इतर नमुन्यांवरही पसरली. तेलाचा प्रश्न उघड्या लाकडापुरताच आहे. लॅकर दिलेल्या मॅपलवर तेल ओतणे म्हणजे काचेला तेल लावणे होय, आणि तरीही ते करणारे भेटतात.

मानेची मागची बाजू बहुधा रोगण दिलेली असते. जुन्या वाद्यांवर फ्रेंच पॉलिश असे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ही लाख प्रामुख्याने भारतातूनच युरोपात जाई, आणि सावंतवाडीचे कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडी खेळण्याला घर्षणाच्या उष्णतेने जी लाख चढवतात, तीही मुळात याच कीटकाची. लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते आणि स्पिरिटचा बोळा फिरवला तर निघूनच येते. पुढे १९२० च्या दशकात मोटारींसाठी लोकप्रिय झालेले नायट्रोसेल्युलोज लॅकर वाद्यांवर आले. ते ‘डीट’ हे द्रव्य असलेल्या डासांच्या मलमाने मऊ व चिकट होते. पावसाळ्यात संध्याकाळी पडवीत वाजवायला बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता तेलाकडे वळू. उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात घरे आतून तापवली जातात आणि खोलीतील आर्द्रता पार उतरते. बहुतेक गिटारकार ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्याला मानवते असे सांगतात. त्याखाली गेल्यावर लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते, फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन हाताला टोचू लागतात आणि पट्टीला बारीक भेगा पडतात. फ्रेटबोर्डाच्या तेलाचा रिवाज या कोरड्या खोल्यांत वाढला. बाजारात ‘लेमन ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा खनिज तेल आणि लिंबाचा वास असतो. लिंबाच्या सालीचे खरे तेल हे द्रावक आहे. ते मळ सोडवते आणि उडून जाते. खनिज तेलाने लाकडाला पाणी मिळत नाही, फक्त लाकूड कोरडे होण्याचा वेग थोडा मंदावतो आणि रंग गडद व तुकतुकीत दिसतो.

कोकणात दुखणे उलटे आहे. जून ते सप्टेंबर लाकूड ओल घेऊन फुगते, मान किंचित वाकते आणि तारांची उंची बदलते. ती वाकण सुधारण्यासाठी मानेत बसवलेल्या ट्रस रॉडचे, म्हणजे धातूच्या कांबीचे, पेटंट गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळाले होते. खाऱ्या वाऱ्याने पोलादी तारा गंजतात, तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे फ्रेट हिरवट पडतात, आणि बंद पेटीतल्या फ्रेटबोर्डावर पांढरी बुरशी धरते. अशा लाकडाला आणखी तेल पाजण्यात फारसा अर्थ नाही, आणि खोबरेल तर मुळीच नको. ते वाळत नाही, फ्रेटखाली जाऊन बसते, धूळ धरते आणि दमटपणात खवट होते. २४ अंशांच्या खाली ते थिजते, म्हणजे पौषातल्या सकाळी बाटलीत जे होते तेच लाकडाच्या छिद्रांत होते. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग कॉलेजात असताना केला होता, आणि गणपतीत गिटार बाहेर काढली तेव्हा पेटीतून पापडाच्या जुन्या डब्यासारखा वास आला. जवसाचे तेल वाळते हे खरे, पण त्याचा चिकट थर साचतो, आणि त्याची फडकी एकत्र गोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

लाकडाच्या टंचाईनेही हा विषय बदलला. ब्राझीलच्या शिसवाची तंगी भासू लागल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव, म्हणजे आपल्या जुन्या घरांतल्या शिसवी पलंगाचे लाकूड, वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये ब्राझिलियन शिसव ‘साइटीस’ या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, आणि जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया ही शिसवांची संपूर्ण प्रजाती दुसऱ्या परिशिष्टाखाली आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली खरी, पण मधल्या काळात अनेक गिटारींवर इतर लाकडे आणि कागद व रेझिन दाबून केलेल्या पट्ट्या आल्या. या कृत्रिम पट्ट्या तेल पीत नाहीत, ओल्या फडक्याने पुसल्या की पुरते. त्यामुळे आपल्या वाद्यावर नेमके काय आहे हे आधी पाहावे लागते.

पट्टी खऱ्या शिसवाची किंवा आबनुसाची असेल, तर कोकणात तेलाचा दिवस दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस पुरता ओसरल्यावर धरावा. तारा काढाव्यात, जुन्या दातब्रशने फ्रेटच्या कडेचा मळ सुका खरवडून घ्यावा, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे चारपाच थेंब फडक्यावर घेऊन चोळावेत आणि दहा मिनिटांनी सगळे पुसून टाकावे. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा आणि पट्टी कोरड्या सुती फडक्याने पुसावी, आणि ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला पेटी टेकवून ठेवू नये.