जनुकीय आजार असलेल्या मुलांसाठी ऑर्थोसिस

हातापायाला किंवा पाठीला बाहेरून आधार देणाऱ्या साधनाला ऑर्थोसिस म्हणतात. सांगली-मिरजेकडे जुनी माणसं अजून सरसकट कॅलिपरच म्हणतात, पण ते पोलिओच्या काळातलं लोखंडी पट्ट्यांचं, आत्ताचे बहुतेक प्लास्टिकचे असतात, प्लास्टरने पायाचा साचा घेऊन त्यावर गरम शीट ओढून बनवतात.

डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, स्नायू ढिले आणि सांधे जास्तच लवचिक, त्यामुळे पोरगं उभं राहिलं की घोटा आत कलतो आणि तळवा सपाट पडतो. एरवी मुलं वर्षाच्या आसपास चालतात, ही साधारण दोन वर्षांची होऊन जातात. यांना घोट्याच्या जरा वरपर्यंत येणारा एसएमओ देतात. पोटरीपर्यंतचा एएफओ आधार जास्त देतो पण घोटा जखडतो, मग उकिडवं बसणं, रांगणं, जमिनीवरनं उठणं सगळंच अवघड.

घाई मात्र करू नये. २०१०च्या एका अमेरिकन अभ्यासात डाऊन सिंड्रोमच्या बाळांना ट्रेडमिलचा व्यायाम देताना काहींना चालायच्या आधीच एसएमओ दिले, आणि ज्यांना चालायला लागल्यावर दिले त्यांचीच हालचाल नंतर सरस निघाली. अभ्यास छोटा होता, पण तळव्याला फरशी लागूनच बाळ तोल शिकतं हे पटण्यासारखं आहे.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणाऱ्या जनुकीय आजारात, गणित उलटं. तिथं टाच आखडू नये म्हणून एएफओ बहुतेक रात्री झोपताना घालायचा, कारण मांड्या कमजोर झालेला मुलगा चवड्यावर चालूनच गुडघा सावरत असतो, दिवसा एएफओ घातला की ती सोयच जाते.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे चप्पल-बूट दारातच निघतात, आणि नुसतं प्लास्टिक गुळगुळीत फरशीवर सटकतं, म्हणून घरात घालायला वेगळे बूट ठेवलेले बरे. आत सुती मोजे पाहिजेतच, उन्हाळ्यात तर घामाने कातडी सोलवटते. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर फिटिंग चुकलंय, आणि पाय वाढला की नवीन साचा आलाच. जत-आटपाडीकडनं मिरजेला यायचं म्हणजे आईबापाचा एक रोज बुडतो, म्हणून लोक तोच घट्ट झालेला ऑर्थोसिस ओढत राहतात.

अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसके (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) पथकाला मूल दाखवता येतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत साधन फुकट मिळतं, पुन्हा घ्यायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण १२ वर्षांखालच्या मुलांना एकच वर्ष.