चार रेझिस्टर आणि एक नॉब : घरच्या स्टुडिओचा मॉनिटर कंट्रोलर

घरी रेकॉर्डिंग करताना स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायला आपण बहुतेक वेळा माउसच वापरतो, आणि वरवर बघता त्यात काही चुकीचं नाही. पण कॉम्प्युटरमधला फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला की फक्त गाणं बारीक होतं, इंटरफेसच्या (कॉम्प्युटर आणि स्पीकर जोडणाऱ्या ऑडिओच्या डब्याच्या) आउटपुटमधला हिस्स म्हणजे सूं-सूं आवाज तेवढाच राहतो, कारण तो त्या फेडरच्या पुढे तयार होतो. इंटरफेस आणि स्पीकरच्या मध्ये नॉब बसवला तर गाणं आणि हिस्स दोन्ही एकत्र खाली येतात. एवढंच काम करणारा डबा, म्हणजे मॉनिटर कंट्रोलर, घरी बनवता येतो, त्याला वीजसुद्धा लागत नाही.

याचं सर्किट मला फार आवडतं, कारण सगळा खेळ १ किलोओहमच्या चार रेझिस्टरवर आहे. बॅलन्स्ड केबलमध्ये हॉट आणि कोल्ड अशा दोन तारा असतात, दोन्हीत तोच सिग्नल पण उलटसुलट, आणि स्पीकर त्या दोघांमधला फरक ऐकतो. वाटेत घुसलेला हम (विजेची गुणगुण) दोन्ही तारांत सारखाच येतो म्हणून वजाबाकीत उडून जातो. आता प्रत्येक तारेत एक-एक १ किलोओहमचा रेझिस्टर टाका (डावा आणि उजवा असे दोन चॅनल, म्हणून चार), आणि त्यांच्या पुढे हॉट आणि कोल्डच्या मध्ये एक आडवा रेझिस्टर जोडा. आडवा २ किलोओहमचा असेल तर व्होल्टेज बरोबर अर्धं होतं, म्हणजे ६ डेसिबल कमी. आडवा २२२ ओहमचा केला की दहावा भाग उरतो, म्हणजे २० डेसिबल कमी. स्पीकरच्या इनपुटमुळे हे आकडे थोडे हलतात, पण दोन्ही बाजूंना सारखेच. तो आडवा रेझिस्टर बदलता ठेवला की झाला व्हॉल्यूम नॉब. जमिनीच्या संदर्भाने हॉट-कोल्ड वेगवेगळे कमी करायचे तर चार गँगचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, एकाच दांड्यावर असे चार) लागतो, इथे दोन गँगमध्ये भागतं.

पहिला डबा मी साध्या कार्बन पॉटने बनवला होता. मोठ्या आवाजात झकास वाटायचा. रात्री हळू आवाजात मिक्स करायला बसलो की मधला गायक डावीकडे सरकायचा आणि मी त्याला पॅन करून (डाव्या-उजव्या स्पीकरमधला वाटा बदलून) उजवीकडे ढकलत बसायचो, दोन गाणी अशी बिघडवल्यावर मल्टीमीटर लावला तेव्हा कळलं की नॉब खाली असताना पॉटच्या दोन गँगमध्येच जवळजवळ ३ डेसिबलचा फरक आहे. साध्या पॉटमध्ये हे सर्रास असतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की या डब्यात खर्च करायचाच असेल तर तो दोन बाजू सारख्या ठेवण्यावर करावा, बाकी सगळं नंतर.

म्हणून पॉटऐवजी २४ घरांचा (टप्प्यांचा) दोन पोलचा रोटरी स्विच घ्या, प्रत्येक चॅनलला एक पोल, आणि प्रत्येक घराला २ डेसिबलच्या हिशोबाने १ टक्क्याचे रेझिस्टर सोल्डर करा. काम कंटाळवाणं आहे, दुपार जाते, पण डाव्या-उजव्यातला फरक साधारण ०.२ डेसिबलच्या आत येतो. इथे एक गोष्ट अजिबात विसरू नका. स्विच असा हवा की पुढच्या घराला चिकटल्यावरच मागचं घर सुटेल. उलटा घेतला तर दोन घरांच्या मध्ये क्षणभर आडवा रेझिस्टरच नसतो, म्हणजे स्पीकरला पूर्ण सिग्नल जातो, आणि प्रत्येक क्लिकला कानावर धडाका. पॉट वापरत असाल आणि त्याचा वायपर (आत फिरणारा संपर्क) खराब झाला तरी हेच होतं, त्यामुळे खरखर करायला लागलेला पॉट लगेच बदला.

घरांचा दुसरा फायदा म्हणजे परत त्याच आवाजावर येता येतं. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला बेस खूपच कमी ऐकू येतो. हळू ऐकत मिक्स केलं तर आपण बेस वाढवतो आणि मोठ्याने लावल्यावर तो अंगावर येतो. एक घर ठरवा, पॅनलवर खूण करा, मुख्य निर्णय त्याच घरावर घ्या.

मोनो बटण (डावा-उजवा एकत्र करून ऐकवणारं) तर फुकटात मिळतं. दोन आउटपुट थेट जोडले तर ते एकमेकांशी भांडतात, पण आपले चार रेझिस्टर मध्ये आहेतच, त्यांच्या पुढे डावा हॉट उजव्या हॉटला आणि कोल्ड कोल्डला जोडा, सरासरी आपोआप मिळते आणि मधल्या गायकाचा आवाज तसाच राहतो. जो रुंद केलेला सिंथ मोनो दाबल्यावर गायब होतो तो फोनच्या एका स्पीकरवरही गायब होणार. म्यूटला हॉट-कोल्ड शॉर्ट करायचे, तेही त्या रेझिस्टरच्या पुढेच.

जास्त ओहमचा पॉट लावण्याचा मोह टाळा. ५० किलोओहमचा नेहमीच्या पद्धतीने लावला की मधल्या जागी आउटपुटचा रोध साडेबारा किलोओहमपर्यंत जातो, मीटरला १०० पिकोफॅरडची १० मीटर केबल जोडली तर १२-१३ किलोहर्ट्झच्या आसपासच ट्रेबल गळायला लागतो. आपल्या सर्किटमध्ये हा रोध २ किलोओहमच्या वर जातच नाही.

डबा धातूचाच घ्या, एक्सएलआरची (बॅलन्स्ड केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) पिन १, म्हणजे केबलची शील्ड, आत शिरताच थेट डब्याला. चार रेझिस्टर थोडे जास्तीचे आणून मल्टीमीटरवर मोजा आणि एका चॅनलच्या हॉट-कोल्डला सारखी जोडी लावा, नाहीतर हमची वजाबाकी नीट होत नाही. शेवटी स्पीकर न जोडता १०० हर्ट्झचा टोन सोडा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक घरावर डावा-उजवा आकडा वहीत लिहा. जिथे फरक दिसेल तिथला जोड परत गरम करा, आणि सगळी २४ घरं जुळली की मगच स्पीकरची केबल लावा.