सावलीसाठी सूर्य मोजावा लागतो

पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत गृहप्रकल्पांच्या पानभर जाहिराती येतात. जिथे अजून पायाही खणलेला नाही, तिथल्या गॅलरीत कोवळे ऊन पडलेले असते, काचेत ढग उमटलेले असतात आणि कुंडीखाली मऊ सावली असते. अशी चित्रे पाहून ‘हल्ली सगळे एआय करते’ असे सर्रास म्हटले जाते. पण या खरेपणाचे श्रेय त्याहून जुन्या आणि अधिक कष्टाच्या मोजमापाला आहे. अशा चित्रांतला प्रकाश अनेकदा एखाद्या खऱ्या जागेवरून, खऱ्या दिवशी कॅमेऱ्याने टिपून आणलेला असतो. या पद्धतीला इमेज बेस्ड लायटिंग म्हणतात.

घासून लख्ख केलेली स्टीलची पळी उपडी धरून तिच्या पाठीकडे पाहावे. खिडकी, ट्यूबलाइट, समोरची भिंत आणि मधोमध आपला चेहरा, असे बरेचसे स्वयंपाकघर तिच्यात दिसते. पळीऐवजी आरशासारखा गुळगुळीत गोळा घेऊन त्याचे दुरून छायाचित्र काढले, तर गोळ्याच्या मागचा परिसरही, कडेला दबून का होईना, त्यात येतो. गोळ्याच्या थेट आड दडलेला भाग तेवढा सुटतो. याचे कारण शाळेत शिकलेल्या परावर्तनाच्या नियमात आहे: पृष्ठभाग जेवढा कलतो, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. छायाचित्रात गोळ्याच्या केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर पृष्ठभाग ४५ अंशांनी कललेला असतो, म्हणजे तिथे दृष्टी ९० अंश वळते. त्या वर्तुळाच्या आत कॅमेऱ्याकडचे अर्धे जग आणि बाहेरच्या कड्यात पलीकडचे अर्धे जग मावते, आणि वर्तुळाचे व कड्याचे क्षेत्रफळ अगदी सारखे भरते. या विषयातली ही मला सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

परिसराचे चित्र संगणकातल्या चकचकीत वस्तूवर उमटवण्याची कल्पना संगणकीय चित्रांचे संशोधक जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी १९७६ मध्येच मांडली होती. पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, हे चित्र नुसते प्रतिबिंबापुरते न वापरता त्यालाच प्रकाशाचा स्रोत मानावे. वस्तूभोवती एक प्रचंड गोल आहे आणि त्यावरचा प्रत्येक पिक्सेल एक दिवा आहे असे धरले, की खऱ्या जागेच्या छायाचित्रात ठेवलेली कृत्रिम वस्तू तिथलीच वाटू लागते. अडचण एवढीच की साधे छायाचित्र प्रकाश मोजत नाही.

साध्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ एवढेच आकडे असतात. पांढरा ढग २५५ झाला की सूर्यही २५५ वरच थांबतो. प्रत्यक्षात निरभ्र दुपारी सूर्यबिंबाचे तेज निळ्या आकाशाच्या काही लाख पट असते. मात्र ते बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे, म्हणजे आकाशाच्या घुमटाचा सुमारे ९२ हजारावा भाग व्यापणारे असते. आकाशाचे तेज १ आणि सूर्याचे ३ लाख धरले, तर ३ लाख भागिले ९२ हजार, म्हणजे सूर्याकडून सगळ्या आकाशाच्या तिप्पटीहून अधिक प्रकाश येतो. आकाशाच्या कडेचा प्रकाश जमिनीवर तिरपा पडत असल्यामुळे हे प्रमाण आणखी वाढते. आता तोच सूर्य छायाचित्रात कापला जाऊन केवळ १० पट तेजस्वी उरला, तर त्याचा वाटा आकाशाच्या प्रकाशाच्या जवळपास नऊ हजाराव्या भागाइतकाच राहतो. मग ऊन आणि सावली यांत फरकच उरत नाही आणि चित्रात सूर्य दिसत असूनही संगणक ढगाळ दिवस रंगवतो.

यावरचा उपाय डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडला. कॅमेरा न हलवता वेगवेगळ्या शटरवेगांनी छायाचित्रे घ्यायची. एकात सावलीतले तपशील दिसतात पण आकाश पांढरेफटक होते, तर दुसऱ्यात दिवे तेवढे दिसतात आणि बाकी काळोख असतो. या सर्वांची तुलना करून कॅमेरा प्रकाशाचे आकड्यांत रूपांतर कसे करतो ते शोधायचे आणि प्रत्येक बिंदूचे खरे प्रमाण काढायचे. प्रकाश दर वेळी निम्मा करत ३ लाख पटींचा पल्ला गाठायला अठराहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून सूर्यासाठी भिंगावर गडद फिल्टरही लावतात. एवढे मोठे आकडे साठवण्यासाठी ग्रेग वॉर्ड यांनी योजलेली युक्ती सुरेख आहे: लाल, हिरवा आणि निळा या तीन बाइटांना मिळून चौथा बाइट सामाईक घातांकाचा, म्हणजे तिन्ही आकडे किती पटींनी वाढवायचे किंवा घटवायचे ते सांगणारा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा प्रकाशगोल संगणकात उभ्या आसाभोवती हवा तसा फिरवता येतो, त्यामुळे वास्तुशास्त्राचा दाखला देऊन ‘पूर्वाभिमुख’ घर विकणाऱ्या चित्रातले ऊन हा घराच्या दिशेचा पुरावा मुळीच नव्हे. तसेच अशा प्रकाशगोलाच्या फाइलवर लिहिलेला ‘१६के’ हा फक्त रुंदीतल्या पिक्सेलांचा आकडा आहे. सूर्य पूर्ण मोजला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

कापलेल्या सूर्याचीच फाइल हाती असेल, तर जाणकार चित्रातल्या सूर्याच्या दिशेलाच संगणकातला वेगळा सूर्य ठेवतात. तेव्हा कुठे सावलीला धार येते. त्या सावलीत फक्त सूर्य अडलेला असतो आणि उरलेले निळे आकाश तिला उजळत राहते, म्हणून ती काळी न होता निळसर होते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर दुपारी पडलेली सावली निरखून पाहिली, तर तिच्यातही हाच निळसरपणा दिसतो.