परदेशी विद्यापीठात संशोधनाची नोकरी: ऑफर लेटरपासून रुजू होईपर्यंतची कागदपत्रं

ऑफरचा मेल आला की आनंदाच्या भरात सगळे आधी विमानाची तिकिटं बघायला लागतात. तिकीट राहू द्या. आधी संस्थेच्या एचआरला एक मेल टाका आणि त्यात एवढंच विचारा: माझ्या व्हिसासाठी तुम्ही कोणता कागद देणार आहात, आणि तो कधी मिळेल?

संशोधकांच्या व्हिसाची सगळी मांडणी या एका कागदावर उभी असते. ऑफर लेटर म्हणजे नोकरी देण्याची तयारी. नुसत्या ऑफर लेटरवर संशोधकाचा व्हिसा सहसा मिळत नाही. युरोपियन युनियनच्या २०१६/८०१ क्रमांकाच्या निर्देशानुसार चालणाऱ्या देशांत संस्था आणि संशोधक यांच्यात यजमान करार व्हावा लागतो (डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाबाहेर आहेत, त्यांचे नियम स्वतंत्र आहेत). अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसासाठी संस्थेकडून डीएस-२०१९ हा फॉर्म येतो. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या मार्गानं जायचं तर सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप लागतं. ग्लोबल टॅलेंट या मार्गाला ते लागत नाही, तिथे मान्यता वेगळ्या पद्धतीनं मिळते. जपानमध्ये सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे सीओई. हा कागद ज्या दिवशी हातात पडेल तिथून पुढचे दिवस मोजायचे. प्राध्यापक मेलमध्ये 'लवकर या' म्हणतात ते मनापासूनच असतं, पण हा कागद बनवणारं खातं वेगळं असतं आणि तिथली रांगही वेगळी असते.

पात्रता: पदवी 'झाली' म्हणजे नेमकी कधी?

युरोपीय निर्देशात संशोधकाची व्याख्या बरीच मोकळी आहे. पीएचडी असावी, किंवा पीएचडीला प्रवेश मिळेल अशी पदवी असावी, आणि संशोधन संस्थेनं निवड केलेली असावी. अमेरिकेच्या जे-१ मध्ये रिसर्च स्कॉलर या वर्गात जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं, मात्र पद टेन्युअर ट्रॅकचं, म्हणजे कायम नोकरीकडे नेणारं, नसावं. व्हिसाची पात्रता आणि पदाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोळ बहुतेक वेळा दुसरीत होतो. पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, जागेला पीएचडी हातात असणं लागतं. इकडे प्रबंध सादर झालेला असतो, व्हायवाही झालेला असतो, पण पदवीदान समारंभ अजून लांब असतो.

अशा वेळी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर पत्र घ्या. 'पदवीसाठीच्या सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत' हे वाक्य आणि पदवी बहाल झाल्याची तारीख, या दोन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. गाईडचं पत्र याच्या जागी चालत नाही. तात्पुरतं प्रमाणपत्र मिळत असेल तर तेही घ्या, आणि यजमान संस्थेला ते चालेल का हे लेखी विचारून ठेवा. जर्मनीला जाणाऱ्यांनी आपलं विद्यापीठ आणि पदवी अनाबिन या डेटाबेसमध्ये कशी नोंदली आहे ते याच टप्प्यावर बघावं. तिथे पदवी सापडली नाही, तर वेगळं मूल्यांकन करून घ्यावं लागू शकतं आणि त्यात वेळ जातो.

नाव

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, दहावीचं प्रमाणपत्र आणि लग्नाचा दाखला असे चार कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एकात मधलं नाव आहे, दुसऱ्यात नाही. एकात स्पेलिंगमध्ये दोन ए (aa), दुसऱ्यात एकच. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर फरक आणखी वाढतो. मूळ नियम असा की पासपोर्टवरचं नाव पक्कं मानायचं आणि यजमान संस्थेला पहिल्या मेलपासून तेच कळवायचं. शोधनिबंधांवर तुमचं नाव वेगळ्या प्रकारे छापलं जात असेल तर छापू द्या, करारावर मात्र पासपोर्टचंच नाव हवं. पासपोर्टमध्ये सगळं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं असेल आणि पहिल्या नावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) ही अक्षरं छापून येतात आणि पुढे बँकेपासून पगारापर्यंत तीच मागे लागतात. असा पासपोर्ट असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. बाकीच्या कागदांतला फरक बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर निभावतो.

पासपोर्टची मुदत नोकरीच्या पूर्ण काळाला पुरत असेल तर उत्तम. करार दोन वर्षांचा आणि पासपोर्ट चौदा महिन्यांत संपणारा, अशा स्थितीत काही देश परवानाही तेवढ्याच मुदतीचा देतात. मग नव्या देशात पहिल्याच वर्षी दोन नूतनीकरणं अंगावर येतात.

अपोस्टिल आणि भाषांतर: कोणतं आधी?

अपोस्टिल म्हणजे ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार कागदावर लागणारं एकच आंतरराष्ट्रीय प्रमाणन. ते कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याचा संबंध नसतो. दोन्ही देश या करारात असतील आणि त्या दोघांमध्ये तो लागू असेल (काही देशांनी एकमेकांच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे) तर वकिलातीच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज राहत नाही. इंटरनेटवरची जुनी माहिती इथे हमखास चुकवते. चीनमध्ये हा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. त्याआधी लिहिलेल्या याद्यांमध्ये या देशांसाठी वकिलातीची पायरी अजूनही दाखवलेली असते.

क्रम असा: आधी मूळ कागदाला अपोस्टिल, मग भाषांतर. अपोस्टिलवरचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो, त्यामुळे उलट केलं तर भाषांतराचे पैसे दोनदा जातात. भाषांतरकार त्या देशाला मान्य असलेलाच हवा. काही ठिकाणी फक्त तिथल्या न्यायालयाकडे नोंदलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराचाच शिक्का चालतो.

आणि पिनेला हात लावू नका. अपोस्टिल कधी कागदावरच चिकटवलेलं असतं, तर कधी वेगळ्या पानावर असून मूळ कागदाला जोडलेलं असतं. त्या जोडावर, कोपरा दुमडून, अर्धा शिक्का या पानावर आणि अर्धा त्या पानावर असा उमटवलेला असतो. माझ्या पदवी प्रमाणपत्राचं स्कॅन तिरकं येत होतं म्हणून मी पिन काढली, दोन्ही पानं सपाट ठेवून सुंदर स्कॅन केलं आणि पिन परत त्याच भोकांत बसवली. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उजेडाकडे धरला, भोकाभोवतीचा फाटलेला धागा बघितला आणि फाईल परत दिली. चूक माझीच होती. सगळं पहिल्यापासून करण्यात तीन आठवडे गेले. स्कॅन तिरकं आलं तरी चालतं.

टिकणारे कागद आधी, नाशवंत कागद शेवटी

एकाच आठवड्यात सगळे कागद जमवायची घाई करू नका. पदवी, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, अनुभवपत्रं हे टिकणारे कागद. त्यांचं काम ऑफर येण्याआधी सुरू केलं तरी बिघडत नाही. काही कागदांना मात्र मुदत असते. पोलिसांचा चारित्र्य दाखला बहुतेक ठिकाणी ताजाच लागतो. ब्रिटनसाठी ज्या देशांतल्या अर्जदारांना क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे, त्यांचा दाखला ६ महिने चालतो. जपानचं सीओई निघाल्यापासून ३ महिन्यांत तिथे पोहोचावं लागतं. हे फार लवकर काढले तर अर्जाच्या दिवशी शिळे झालेले असतात.

ब्रिटनला जाणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधकांनी एटास ही मंजुरी विसरू नये. लष्करी वापर होऊ शकेल अशा ठरावीक संशोधन विषयांसाठी ती लागते, काही देशांच्या नागरिकांना सूट आहे, आणि व्हिसाच्या अर्जाआधी ती हातात असावी लागते. तिला शुल्क नाही, वेळ मात्र जातो. संशोधनाचं वर्णन लिहून द्यावं लागतं. ते यजमान प्राध्यापकांकडूनच घ्या, म्हणजे दोघांच्या कागदांत विषय एकाच शब्दांत येईल.

वेळेचा हिशोब काय धरावा? त्या युरोपीय निर्देशात निर्णयाची कमाल मुदत ९० दिवस आहे, आणि आधीच मान्यता मिळालेल्या यजमान संस्थेसाठी ६० दिवस. हे दिवस पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासूनचे. अपॉइंटमेंट मिळण्यातले आठवडे त्यात नाहीत. म्हणून रुजू होण्याच्या तारखेआधी सहा महिने, असा माझा सल्ला. सध्याच्या नोकरीचा राजीनामा पासपोर्टवर व्हिसा दिसल्यावरच द्या. नोटीस पीरियड आड येत असेल तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागा. संस्थांना याची सवय असते, आणि विचारल्यानं ऑफर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

अमेरिकेच्या जे-१ बद्दल सही करण्याआधी

डीएस-२०१९ आला की सेव्हिसचं (परदेशी विद्यार्थी आणि संशोधकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीचं) शुल्क, ऑनलाईन अर्ज आणि मुलाखत हे सगळं सरळ आहे. खरा विचार करायचा तो नंतर येणाऱ्या दोन अटींचा. पहिली दोन वर्षांची मायदेशी राहण्याची अट. सरकारी निधी, अमेरिकेनं तुमच्या देशासाठी ठरवलेल्या कौशल्य यादीतला विषय किंवा वैद्यकीय प्रशिक्षण, यांपैकी एक कारण लागू असेल तर ती येते. मग दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय किंवा माफी मिळाल्याशिवाय एच किंवा एल हे नोकरीचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. ही कौशल्य यादी डिसेंबर २०२४ मध्ये बदलली आणि बरेच देश त्यातून वगळले गेले, त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही. दुसरी अट २४ महिन्यांची. रिसर्च स्कॉलर म्हणून गेलात आणि आठच महिन्यांत कार्यक्रम संपवून परतलात, तरी त्याच वर्गात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी ६ महिन्यांपर्यंतचा शॉर्ट-टर्म स्कॉलर हा वेगळा वर्ग आहे, त्याला ही अट नाही. भेट छोटीच असेल तर संस्थेला तोच वर्ग मागा. हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि पाच वर्षांची संधी आठ महिन्यांत संपलेली बघताना फार वाईट वाटतं.

विमा: जे-१ ला प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं, उपचारांसाठी दुसरीकडे हलवण्याचे ५०,००० आणि मृतदेह मायदेशी आणण्याचे २५,००० डॉलर वेगळे. सोबतच्या जोडीदारासाठी आणि मुलांसाठीही हेच.

कुटुंबासाठी लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले अपोस्टिलसह, लसीकरणाच्या नोंदी, आणि मूल एकाच पालकाबरोबर प्रवास करणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र. जोडीदाराला काम करता येतं का, हे देशागणिक वेगळं. युरोपीय निर्देशाखाली सहसा येतं. अमेरिकेत जे-२ वर (जे-१ धारकाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आधी वेगळी परवानगी काढावी लागते.

पोहोचल्यावर

जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, जपानमध्ये १४ दिवसांत. जर्मनीत त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, आणि करक्रमांक या नोंदणीनंतरच येतो. त्यामुळे तात्पुरती खोली घेताना भाड्याच्याही आधी विचारा: इथे पत्ता नोंदवता येईल का? नाही म्हणाले तर दुसरी खोली बघा. पहिला पगार यायला महिना, कधी त्याहून जास्त लागतो, आणि घराची अनामत त्याआधीच भरावी लागते. जर्मनीत ती कायद्यानं मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. युरोपात कुठे अडलात तर युरॅक्सेसची मदत केंद्रं संशोधकांना विनामूल्य सल्ला देतात.

निघण्याआधी जुन्या प्रयोगशाळेतल्या वह्या आणि डेटा कोणाच्या मालकीचा आहे ते लेखी स्पष्ट करून घ्या. नमुने न्यायचे असतील तर दोन्ही संस्थांत मटेरियल ट्रान्सफर करार हवा. ते खिशात घालून नेऊ नका, भले ती एकच ट्यूब असो.

मूळ कागदांची फाईल केबिनच्या बॅगेत, पासपोर्टसोबत ठेवा. विमानतळावरचा अधिकारी डीएस-२०१९ ची किंवा कराराची मूळ प्रत मागू शकतो, आणि तेव्हा चेक-इन केलेलं सामान अजून पट्ट्यावर आलेलं नसतं.