बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत
(संगणक दुरुस्तीला देण्याआधी कृपया वाचा)

बटण दाबले की सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला यूईएफआय हा प्रोग्रॅम चालतो. सवयीने सगळे त्याला अजून बायोसच म्हणतात, आम्हीही. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि डिस्कवरच्या बूटलोडरकडे काम सोपवतो. बूटलोडर विंडोज सुरू करतो. अँटिव्हायरसची पाळी त्यानंतर येते, त्यामुळे बूटलोडरमध्येच कुणी शिरले तर ते त्याच्या हाती लागणे अवघड. १९८६चा ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच, म्हणजे सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा.

ही वाट अडवण्यासाठी सिक्युअर बूट आहे. २०१२मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून ते नव्या संगणकांत सर्रास मिळते. बूटलोडरवर डिजिटल सही असते. यूईएफआयकडे मान्य सह्यांची एक यादी आणि रद्द केलेल्यांची दुसरी. पहिलीत बसेल आणि दुसरीत नसेल, तरच संगणक पुढे जातो. उबुंटू, फेडोरा हे लिनक्सचे प्रकारही यातून सुरू होतात. लिनक्ससाठी ते बंद करायची गरज सहसा नसते.

रद्द यादी ताजी हवी. २०२३मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लॅकलोटस’ या बूटलोडरमध्ये शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने खोटी सही केलीच नाही. मायक्रोसॉफ्टची खरी सही असलेला, पण भोक असलेला जुना बूटलोडर त्याने वापरला, कारण तो रद्द यादीत गेला नव्हता. शिवाय या सह्या ज्यांवरून तपासल्या जातात ती २०११ची मूळ प्रमाणपत्रे जून २०२६पासून संपू लागतात. त्यामुळे संगणक बंद पडत नाही, पण २०२३ची नवी प्रमाणपत्रे नसतील तर बूटच्या सुरक्षेचे पुढचे अपडेट मिळत नाहीत. ती विंडोज अपडेटमधून येतात. काही मॉडेलांना आधी बायोस अपडेट लागतो. म्हणून अपडेट अडवून ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप तिला लागते, आणि मालकाला पत्ताही नसतो. टीपीएम ही सुरक्षेची चिप बूटच्या टप्प्यांची नोंद ठेवते आणि ती जुळली तरच डिस्क उघडते. बायोस अपडेट केला, सिक्युअर बूट बंद केले किंवा मदरबोर्ड बदलला, की निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडायचा आकडा) मागू शकतो. की नसेल तर त्या डिस्कवरचे फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट आम्ही काढू शकत नाही, कंपनीही काढू शकत नाही. ग्राहकाला हे सांगणे आम्हाला फार जड जाते.

म्हणून ही की आजच शोधा. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्याचा ईमेल टाकला, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती असते. पुष्कळदा तो ईमेल मुलाचा किंवा ऑफिसातल्या कुणाचा तरी निघतो. कंपनीचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको.

बायोसला हात लावण्याआधी आम्ही बिटलॉकर ‘सस्पेंड’ करतो, म्हणजे तात्पुरते थांबवतो, आणि काम झाल्यावर सिक्युअर बूट चालू आहे हे तुम्हाला दाखवतो. ते बंद ठेवूनच चालणारे क्रॅक केलेले विंडोज आम्ही इन्स्टॉल करून देत नाही. घरी स्वतः बायोस अपडेट करणार असाल तर लॅपटॉपला चार्जर आणि डेस्कटॉपला यूपीएस हवाच. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

येताना चार्जर आणा. खात्याचा पासवर्ड आम्हाला सांगू नका; की सापडत नसेल तर काउंटरवर बसून तुमच्याच फोनवर शोधू.