मंद प्रकाश म्हणजे मऊ प्रकाश नव्हे
नवरीच्या खोलीत सकाळी हमखास ऐकू येतं, "अहो दादा, तो लाइट जरा सॉफ्ट करा ना, तिच्या डोळ्यांवर येतोय." मग फोटोग्राफर स्टँड चार पावलं मागे नेतो, किंवा पॉवर निम्म्यावर आणतो. मावशींचं समाधान होतं. पण फोटो मोठा करून बघितला तर नथीची काळी सावली ओठांवर तशीच असते. स्टँड मागे नेला असेल, तर आधीपेक्षा ठळकच.

मंद म्हणजे प्रकाश कमी. मऊ म्हणजे सावलीची कड विरघळलेली. पहिली गोष्ट प्रकाश किती आहे यावर ठरते. दुसरी ठरते ती नवरी बसली आहे तिथून प्रकाशाचा उगम केवढा दिसतो यावर. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटर लांब आहे. म्हणून आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो आणि उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी पडते. उलट तीन फूट रुंदीची खिडकी तीन फुटांवरून पन्नासहून जास्त अंश व्यापते. मऊ प्रकाश तिथे मिळतो, आणि तो भरपूरही असू शकतो.

आता स्टँड मागे नेल्याने काय होतं बघा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश जवळपास पाव उरतो, आणि सॉफ्टबॉक्स, म्हणजे स्टँडवरच्या दिव्याला लावलेली पांढऱ्या कापडाची पेटी, नवरीच्या जागेवरून निम्मा दिसायला लागतो. म्हणजे प्रकाश मंद झाला आणि कडकही. खरा उपाय याच्या उलटा आहे: सॉफ्टबॉक्स फोटोच्या चौकटीत येणार नाही इतपत जवळ आणायचा आणि मग पॉवर उतरवायची. डोळ्यांना टोचणंही कमी होतं, कारण तेवढाच उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो.

फ्लॅशवर चढवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीचंही तसंच. लहान खोलीत तिचा उपयोग होतो, कारण तिच्यातून उडालेला प्रकाश भिंती-छतावर आपटून परत येतो; मोठा उगम झाला तो भिंतींचा. लॉनवर रात्री तीच टोपी लावली तर फक्त बॅटरी जास्त खर्च होते. छत रंगीत असलं तर तो रंगही चेहऱ्यावर उतरतो, एवढं बघून घ्यावं.

प्रकाश नुसताच मंद असेल तर कॅमेऱ्यात इलाज आहे. लेन्सचं तोंड उघडा, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवा; फोटोत थोडे दाणे येतील, पण फोटो हाती लागेल. कडक सावलीला मात्र कॅमेऱ्यात कुठलंच बटण नाही. म्हणून मी कार्यालयात गेलो की आधी खिडकी शोधतो. थेट ऊन येत असेल तर पांढरी चादर ताणून लावतो; मग ती चादरच खिडकीएवढा दिवा होते.

मे महिन्याच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या सुमारास दुपारी उघड्यावर नवरी उभी केली तर भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, काजळ आणि डोळा वेगळे ओळखू येत नाहीत. तिला चार पावलं आत, पेठेतल्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर घ्या, तोंड अंगणाकडे करा. समोरचं उघडं आकाश आणि अंगणातला परावर्तित उजेड सगळा चेहऱ्यावर येतो. प्रकाश उन्हापेक्षा कमी, पण पोर्ट्रेटला पुरून उरेल इतका, आणि लोण्यासारखा.

एक सावधगिरी. मऊ प्रकाश अगदी समोरून आला की पैठणीची जर मेल्यासारखी दिसते. पदराची वीण आणि मोत्यांचा गोलवा दिसायला तो एका बाजूनेच यायला हवा.

दोन्हींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो गौरीहराच्या वेळी. नवरी समईसमोर बसलेली असते. समईचा उजेड मंद, पण ज्योत एवढीशी असल्याने सावली कडक. तिथे फ्लॅश मारला की ज्योतीचं सगळं तेज जातं. मी खिडकीचं एकच दार किलकिलं करून वर पांढरा कपडा टाकतो, नवरीला थोडं तिकडे वळायला सांगतो आणि ज्योत फटफटीत पांढरी होणार नाही इतपतच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) ठेवतो. मग चुडा हिरवा दिसतो, ज्योत पिवळी दिसते, आणि नथीची सावली गालावर कुठे संपली ते कळतही नाही.