पूर्वरंग आणि उत्तररंग: हँडबॉल मॅनेजर खेळातील चषकावर लिहिताना

ऑनलाइन हँडबॉल मॅनेजर खेळात चषकाची सोडत निघाली की कोणीतरी येणाऱ्या फेरीवर लिहितो आणि सामने संपले की बहुधा तोच माणूस झालेल्या फेरीवर लिहितो. पहिल्या लेखाला पूर्वावलोकन म्हणायचे आणि दुसऱ्याला आढावा. दोन्हींत संघ तेच असतात, खेळाडू तेच असतात आणि आकडेही बहुतांशी तेच असतात, त्यामुळे एका लेखाचे काम दुसऱ्यात कधी शिरले हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पूर्वावलोकन लिहिणारा ज्योतिषासारखा निकाल सांगून मोकळा होतो, तर आढावा लिहिणारा, निकाल हाती आल्यानंतर, तो आधीपासूनच दिसत होता असा आव आणतो. कीर्तनात पूर्वरंगात मांडलेले तत्त्व उत्तररंगातील आख्यानाने श्रोत्यांना पटवून द्यायचे असते. चषकावरच्या लेखनात उत्तररंगावर असे कोणतेही बंधन नसते, आणि ते आहे असे मानल्यामुळेच बहुतेक गल्लत होते.

या दोन लेखांमधली सीमारेषा खेळाच्या रचनेतच आखलेली आहे. १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हॅटट्रिक या फुटबॉलच्या खेळाने जो साचा रूढ केला, त्याच वळणाचे हे हँडबॉलचे खेळ असतात: मॅनेजरने खेळाडू विकत घ्यायचे, त्यांचा सराव ठरवायचा, सामन्यासाठी संघ आणि डावपेच निवडायचे आणि ठरलेल्या वेळेपूर्वी ते नोंदवायचे. ती वेळ टळली की पुढचे काम संगणकाचे. प्रत्येक आक्रमणाचा निकाल दोन्ही संघांच्या कौशल्यांवरून निघणाऱ्या शक्यतेनुसार आणि थोड्याफार नशिबानुसार ठरत जातो. पूर्वावलोकन हे मुदतीच्या अलीकडचे लेखन आहे आणि आढावा पलीकडचे. खऱ्या मैदानावर प्रशिक्षक टाइमआउट घेऊन मध्येच डाव फिरवू शकतो, त्यामुळे तिथे ही रेषा थोडी पुसट होते. पण ज्या खेळांत मॅनेजरला सामना सुरू झाल्यावर काहीच करता येत नाही, तिथे ती लख्ख असते.

पूर्वावलोकनाचा विषय शक्यता हा आहे, आणि शक्यता म्हणजे काय हे हँडबॉलच्या आकड्यांतून चांगले समजते. समजा, दोन्ही संघांना सामन्यात प्रत्येकी ५० आक्रमणे मिळतात. पहिला संघ त्यांपैकी ५८ टक्के आक्रमणांत गोल करतो आणि दुसरा ५४ टक्के. सरासरीने निकाल २९–२७ असा यावा. प्रत्येक आक्रमण स्वतंत्र धरून साधे गणित मांडले, तर गोलफरकातील नैसर्गिक चढउतार सुमारे पाच गोलांचा निघतो, म्हणजे अपेक्षित आघाडीच्या अडीचपट. परिणामी सुमारे सात टक्के वेळा निर्धारित ६० मिनिटांत बरोबरी होईल, आणि ती बरोबरी सुटल्यानंतरही हा सरस संघ तीनांपैकी साधारण दोनच वेळा (सुमारे ६५ टक्के) जिंकेल. तेव्हा “पहिला संघ दोन गोलांनी जिंकेल” हे वाक्य पूर्वावलोकनात शोभत नाही. “पहिल्या संघाची बाजू दोन गोलांनी वरचढ आहे, तरी तीनांत एकदा तो बाहेर पडू शकतो” हे वाक्य शोभते, आणि ते लिहायला अधिक धैर्य लागते, कारण वाचकाला नाव हवे असते.

बाद पद्धतीमुळे हा हिशेब आणखी कडक होतो. ३२ संघांच्या चषकात ३१ सामने आणि पाच फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला संघ, म्हणजे ज्याला कोणीही डोळे झाकून दावेदार म्हणेल असा संघ, पाचही फेऱ्या पार करण्याची शक्यता १७ टक्क्यांपेक्षा किंचित कमी भरते. हीच शक्यता दर फेरीला ८० टक्के धरली तरी चषक हाती येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आतच राहते. साखळीत एखादा खराब दिवस पुढच्या आठवड्यांत भरून काढता येतो. इथे ती सवलत नाही. एका सामन्याऐवजी घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर दोन सामने खेळवून गोलांची बेरीज धरली, तरी वरच्या उदाहरणातील सरस संघाची शक्यता ६५ वरून फक्त ७१–७२ टक्क्यांपर्यंत चढते. दोन सामन्यांत नशीब धुऊन निघते ही समजूत फारशी खरी नाही. भारतात २०२३ साली जयपूरला झालेल्या ज्या प्रीमियर हँडबॉल लीगमध्ये महाराष्ट्र आयर्नमेन विजेते ठरले, तिच्या नावात लीग असली तरी विजेतेपदाचा निकाल उपांत्य आणि अंतिम सामन्यांनीच लावला होता, आणि त्यामुळे तिच्या शेवटच्या टप्प्यालाही हाच हिशेब लागू होता.

आढाव्याचा विषय मात्र शक्यता नाही. जे एकदा घडले ते का घडले, हा आहे. इथे लेखकाच्या हाती सामन्याचा पूर्ण अहवाल असतो: फटके, गोलरक्षकाने अडवलेले चेंडू, सात मीटरचे फेक (हँडबॉलमधील पेनल्टी), दोन मिनिटांची निलंबने, तांत्रिक चुका. या साहित्यातून कारण आणि योगायोग वेगळे काढणे हे आढाव्याचे खरे काम, आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते. गोलरक्षकाचेच उदाहरण घ्या. हँडबॉलमध्ये समोर आलेल्या फटक्यांपैकी ३० टक्के अडवणारा गोलरक्षक चांगला मानला जातो आणि ४० टक्के म्हणजे असामान्य दिवस. ४० फटक्यांपैकी १६ अडवणाऱ्या गोलरक्षकाने सामना जिंकून दिला असे आढावा म्हणू शकतो, आणि ते खरेही असते, कारण ते चार जादाचे बचाव त्या दिवशी खरोखर झाले. पण मुळात ३० टक्क्यांचाच असलेला गोलरक्षकही, कसलीही प्रगती न होता, साधारण नऊ सामन्यांत एकदा असा दिवस गाठतो. म्हणून हाच ४० टक्क्यांचा आकडा उचलून पुढच्या फेरीच्या पूर्वावलोकनात “जबरदस्त फॉर्ममधील गोलरक्षक” असे लिहिणे चूक आहे. तिथे त्याचा दीर्घकाळचा ३० टक्क्यांचा आकडाच लागू पडतो. आकडा एकच असतो, पण आढाव्यात तो पुरावा ठरतो आणि पूर्वावलोकनात चकवा. एकामागून एक फेऱ्या येत असल्यामुळे गेल्या आढाव्याची शाई वाळण्याआधीच पुढचे पूर्वावलोकन लिहावे लागते, आणि ही उसनवारी त्या घाईतच होते.

खऱ्या हँडबॉलमधील दोन अंतिम सामने या भेदासाठी नेहमी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत. युरोपियन चॅम्पियन्स लीगचा शेवटचा टप्पा २०१० पासून कोलोनमध्ये होतो. चार संघ, शनिवारी उपांत्य सामने आणि रविवारी अंतिम सामना. २०१६ च्या अंतिम सामन्यात हंगेरीचा वेस्प्रेम संघ पोलंडच्या किएल्त्सेविरुद्ध, सुमारे १५ मिनिटे उरली असताना, नऊ गोलांनी पुढे होता. किएल्त्सेने बरोबरी साधली, जादा वेळातही बरोबरी राहिली आणि सात मीटरच्या फेकांवर चषक पोलंडला गेला. निकालापासून उलट चालत आलेला आढावा म्हणेल की वेस्प्रेमचे मनोबल खचले. पण शेवटच्या फेरीतील एखादा फेक खांबाला लागून बाहेर गेला असता, तर त्याच शेवटच्या १५ मिनिटांना “जवळजवळ हुकलेले पुनरागमन” असे म्हटले गेले असते आणि वेस्प्रेमच्या कणखरपणाचे कौतुक झाले असते. आढाव्याने त्या १५ मिनिटांत कोणता बचाव बदलला, चेंडू कुठे गमावले गेले, कोण बाहेर बसले होते, हे सांगावे. निकालाच्या एका फेकावर संघाचे चारित्र्य ठरवू नये.

दुसरा सामना २०२३ चा. जर्मनीच्या माग्डेबुर्गने उपांत्य सामन्यात बार्सिलोनाला सात मीटरच्या फेकांवर हरवले, पण त्याच सामन्यात त्यांचा आइसलँडचा आघाडीचा खेळाडू गिस्ली क्रिस्त्यान्सन याच्या खांद्याला दुखापत झाली. रविवारचे पूर्वावलोकन लिहिणाऱ्या शहाण्या माणसाने त्याला वगळूनच हिशेब मांडला असता, आणि तो हिशेब योग्यच ठरला असता. प्रत्यक्षात तो खेळला, माग्डेबुर्गने किएल्त्सेला जादा वेळात ३०–२९ असे हरवले आणि कोलोनमधील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. या निकालाने ते पूर्वावलोकन चुकीचे ठरत नाही. शनिवारी रात्री जे माहीत होते त्याच्याशी ते प्रामाणिक होते का, एवढीच त्याची परीक्षा आहे. मॅनेजर खेळात दुखापती आणि थकवा बहुधा आकड्यांत दिसतात, त्यामुळे तिथे ही परीक्षा जास्त काटेकोरपणे घेता येते आणि लेखकाला सबब सांगायला जागाही कमी उरते.

आणखी एक फरक असा की पूर्वावलोकन स्वतःच सामन्यात भाग घेते. आढावा वाचून झालेला सामना बदलत नाही, पण पूर्वावलोकन वाचून होणारा सामना बदलू शकतो, कारण ते वाचणाऱ्यांत प्रतिस्पर्धी मॅनेजर असतोच आणि आदेशांची मुदत अजून उलटलेली नसते. “हा संघ नेहमी सहा-शून्य बचाव, म्हणजे सहाही खेळाडू एका ओळीत, लावतो आणि डाव्या बॅककडून लांबून फटके मारतो” असे छापले गेले की समोरचा मॅनेजर पाच-एक बचाव लावून त्या बॅकवर एक खेळाडू पुढे सोडू शकतो. मग भाकीत चुकते ते चुकीचे होते म्हणून नव्हे, तर वाचले गेले म्हणून. त्यातून लेखक स्वतः स्पर्धेत असला तर अडचण दुहेरी होते: स्वतःच्या संघाबद्दल खरे सांगावे तर डाव उघडा पडतो आणि खोटे सांगावे तर लेखाची पत जाते. यावर मला एकच सरळ मार्ग दिसतो. पूर्वावलोकनात स्वतःच्या सामन्यावर सार्वजनिक नोंदींत जेवढे दिसते तेवढेच लिहावे, आणि मनातला डाव आढाव्यासाठी राखून ठेवावा. आढाव्यात तो सांगायला कसलीच आडकाठी नसते, आणि वाचकाला बहुधा तोच भाग सर्वांत आवडतो.

“धक्कादायक निकाल” हा शब्दप्रयोग आढाव्यात सर्रास येतो, पण त्याचे माप पूर्वावलोकनात असते. ३५ टक्के शक्यतेचा संघ जिंकला तर तो धक्का नाही. तसे तीन सामन्यांत एकदा होणारच. पाच टक्क्यांचा संघ जिंकला तर धक्का म्हणायला हरकत नाही. ज्या पूर्वावलोकनात शक्यता आकड्यांत किंवा निदान “किंचित सरस”, “स्पष्टपणे सरस” अशा ठरलेल्या शब्दांत नोंदवलेली नाही, त्याच्यानंतर येणाऱ्या आढाव्याला हा शब्द वापरण्याचा अधिकारच उरत नाही.

नियमांच्या बाबतीत पूर्वावलोकनाची जबाबदारी मोठी आहे, आणि इथे खऱ्या हँडबॉलचे ज्ञान कधी कधी आडवे येते. गोल रिकामा ठेवून सातवा आक्रमक मैदानात उतरवणे २०१६ च्या नियमबदलापासून सोपे झाले. निष्क्रिय खेळाचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता वेळ काढण्याचा, इशारा मिळाल्यानंतर पूर्वी सहा पास चालत, ते २०२२ पासून चारवर आले. खेळाच्या गणितात यांपैकी काय उतरवले आहे, बरोबरी झाल्यास पाच-पाच मिनिटांच्या दोन भागांचा जादा वेळ एकदा आहे की दोनदा, की थेट सात मीटरचे फेक, हे पूर्वावलोकन लिहिण्याआधी पाहून घ्यावे लागते. आढाव्यात ही माहिती अहवालातून आपोआप येते.

यातून एक तिसरे लेखन उरते, जे बहुतेक जण आढाव्यातच कोंबतात: पूर्वावलोकनाचा हिशेब. “आम्ही आठपैकी सहा निकाल बरोबर सांगितले” हे वाक्य आढाव्याच्या पहिल्या परिच्छेदात हमखास दिसते. एका फेरीच्या आठ सामन्यांवरून असा हिशेब काही सिद्ध करत नाही. तो करायचाच असेल तर पूर्ण चषकाचे ३१ सामने, किंवा त्याहून चांगले म्हणजे दोन-तीन हंगाम, एकत्र घ्यावेत. ज्यांना ६० ते ७० टक्के शक्यता दिली होती त्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश संघ जिंकले का, ज्यांना ९० टक्के दिली होती त्यांपैकी दहातला एक हरला का, हे तपासावे. ९० टक्क्यांचे सगळेच संघ जिंकत असतील, तर लेखक अचूक नसून भित्रा आहे आणि त्याने ९५ लिहायला हवे होते. हा हिशेब वेगळा ठेवला की आढाव्याला निकालापुरते बोलण्याची मोकळीक मिळते, आणि मुदत उलटल्यावर पूर्वावलोकनात शब्दही न बदलण्याची शिस्त पाळणे लेखकाला जड जात नाही.

पूर्ण चषकात दोनच लेख असे असतात की ज्यांवर शेजारच्या लेखाची सावली पडत नाही. पहिल्या फेरीच्या पूर्वावलोकनामागे त्या चषकाचा एकही आढावा नसतो. तिथे गेल्या हंगामाच्या आठवणींवर भागवावे लागते आणि अर्धे संघ एका रात्रीत बाहेर जाणार असल्यामुळे त्यांच्याविषयी लिहिलेले अर्धे दुसऱ्या दिवशी वाया जाते. अंतिम सामन्याच्या आढाव्यापुढे पुढची फेरी नसते. त्यातला गोलरक्षकाचा ४० टक्क्यांचा दिवस कोणाच्याही भाकितात शिरण्याची भीती नसल्यामुळे, तो हवा तितका रंगवून सांगता येतो.